मंडळीच्या सेवापथकासोबत नैरोबीच्या वस्तीत: निमंत्रणापासून परतीपर्यंतची तयारी

अहिल्यानगर जिल्ह्यातील आमच्या ख्रिस्ती मंडळीचे सेवापथक केनियाची राजधानी नैरोबी येथील किबेरा वस्तीत दोन वेळा जाऊन आले आणि दोन्ही वेळा त्याच्या तयारीची जबाबदारी माझ्याकडे होती. पहिल्या वेळी जे चुकले ते दुसऱ्या वेळी सुधारता आले, परंतु पहिल्या चुकांचा भार आमच्यावर कमी आणि यजमान मंडळीवर जास्त पडला. तो भार दुसऱ्या कोणा यजमानावर पडू नये, म्हणून कागदपत्रांपासून घरभेटीपर्यंतची सगळी तयारी येथे क्रमाने लिहीत आहे. उदाहरण नैरोबीचे असले, तरी यांतील बहुतेक गोष्टी पूर्व आफ्रिकेत कोठेही जाणाऱ्या पथकाला उपयोगी पडतील.

निमंत्रण कोणाचे, हे सर्वांत आधी

तिकिटे, लस, वर्गणी या सगळ्याच्या आधी एक पत्र हातात असले पाहिजे: तेथील मंडळीने आपल्या लेटरहेडवर लिहिलेले निमंत्रण, ज्यात पथकाने कोणत्या तारखांना यावे, किती जणांनी यावे आणि कोणते काम करावे, हे त्यांच्या शब्दांत लिहिलेले असेल. आपण काय करू शकतो याची यादी आधी पाठवून त्यावर त्यांचा होकार मागवला, तर ते पत्र निमंत्रण राहत नाही. गरजेत असलेली मंडळी पाहुण्याला नाही म्हणत नाही, हे आपल्याला आपल्याच गावांवरून ठाऊक आहे. म्हणून प्रश्न उघडा ठेवा: येत्या वर्षात तुम्ही कोणते काम हाती घेतले आहे, त्यात बाहेरचे हात कोठे लागतील, आणि आम्ही आलो नाही तर त्या पैशांत ते काम होईल का? शेवटचा प्रश्न विचारायला धैर्य लागते. उत्तर 'पैसेच पाठवा' असे आले, तर पैसेच पाठवावेत.

हे क्रम ठरवण्याचे शहाणपण आपल्याकडे जुने आहे. केडगावच्या मुक्ती मिशनात परदेशातून आलेल्या सेविका पंडिता रमाबाईंच्या हाताखाली काम करत. कामाची दिशा रमाबाई ठरवत. दुसरीकडे, आमच्यापैकी अनेकांच्या आजोबा-पणजोबांनी गावकुसाबाहेरच्या वस्तीत राहून, आपल्या झोपड्या पाहायला येणारे पाहुणेही पाहिले आहेत. कोणी मदतीला आला आणि कोणी बघायला आला, यातला फरक त्यांना दारातच कळत असे. किबेरातल्या माणसांनाही तो दारातच कळतो.

तयारीच्या पहिल्या महिन्यात वस्तीची माहिती नीट करून घ्यावी. किबेरा नैरोबीच्या नैऋत्य भागात आहे. ब्रिटिश फौजेतल्या सुदानी शिपायांना विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे वसवण्यात आले आणि त्यांच्या नूबी भाषेतल्या 'किब्रा', म्हणजे जंगल, या शब्दावरून वस्तीला नाव पडले. वर्गणीच्या पत्रकांत 'दहा लाख लोकांची आफ्रिकेतील सर्वांत मोठी झोपडपट्टी' असे सर्रास लिहिले जाते, पण २००९ च्या केनियाच्या जनगणनेत तेथील लोकसंख्या सुमारे १ लाख ७० हजार भरली. आपल्या पत्रकात मोठा आकडा छापून करुणा जागवू नये. वस्तीतले तरुण ती पत्रके इंटरनेटवर वाचतात आणि त्यांना ते लागते.

पथक कसे निवडावे

आठ ते दहा जणांपेक्षा मोठे पथक नेऊ नये. वस्तीतल्या बोळांतून पंधरा परके लोक एका वेळी चालू लागले की ती मिरवणूक होते. निवड करताना मंडळीत किती वर्षे सेवा केली यापेक्षा आपल्याच शहरात माणूस काय करतो, हे पाहावे. नगरच्या सरकारी दवाखान्यात रुग्णाशेजारी जो कधी बसला नाही, त्याला सहा तासांचे विमान नवा स्वभाव देत नाही. अलीकडे घरात मृत्यू झालेल्या, औषधे नुकतीच बदललेल्या किंवा एखाद्या वैयक्तिक संकटातून बाहेर पडण्यासाठी येऊ इच्छिणाऱ्या सभासदाला पाळकांनी प्रेमाने थांबवावे, हे मी जाणून लिहीत आहे.

प्रस्थानाच्या सहा महिने आधीपासून पंधरा दिवसांनी एक बैठक ठेवावी आणि तिसऱ्या बैठकीपर्यंत चार जबाबदाऱ्या वाटून द्याव्यात: पथकप्रमुख, खजिनदार, आरोग्य पाहणारा आणि बालसुरक्षा पाहणारा. महिला मंडळातील एक अनुभवी भगिनी पथकात असल्या तर घरभेटींचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात, कारण दिवसा वस्तीतल्या घरांत बहुधा स्त्रियाच भेटतात. प्रत्येक बैठकीत प्रार्थनेनंतर एक तास स्वाहिलीचे शब्द आणि केनियाची माहिती, आणि एक तास प्रत्यक्ष तयारी, असा रिवाज ठेवल्यास तरुण संघातील मुलेही टिकून राहतात.

कागदपत्रे

पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने असावी आणि त्यात कोरी पाने असावीत. जानेवारी २०२४ पासून केनियाने पूर्वीचा व्हिसा बंद करून इलेक्ट्रॉनिक प्रवास परवानगीची पद्धत आणली आहे. अर्ज केनिया सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरच भरावा, कारण तशाच दिसणाऱ्या खासगी संकेतस्थळांवर दुप्पट-तिप्पट शुल्क घेतले जाते. नियम किमान तीन दिवस आधी अर्ज करण्याचा असला, तरी आम्ही एक महिना आधी करतो, कारण पासपोर्टवरील नाव आणि तिकिटावरील नाव यांत एखाद्या अक्षराचा फरक निघाला तर तो निस्तरायला वेळ लागतो. आपल्याकडे वडिलांचे नाव मधे लिहिण्याची पद्धत असल्याने हा घोटाळा मराठी प्रवाशांच्या बाबतीत वरचेवर होतो.

येथे बहुतेक पथके एक गोष्ट नजरेआड करतात. पर्यटक म्हणून मिळालेल्या परवानगीवर तेथे काम करता येत नाही, आणि विनामोबदला केलेली सेवा हेही काम धरले जाऊ शकते. धार्मिक व धर्मादाय कामासाठी केनियात वेगळ्या वर्गाचा परवाना आहे आणि थोड्या मुदतीसाठी विशेष पास मिळतो. तुमच्या कामाला यांतले काय लागेल, हे यजमान मंडळीने तेथील इमिग्रेशन विभागाला विचारून लेखी कळवावे. अर्जात प्रवासाचे कारण जसे आहे तसेच लिहावे. सुवार्तेच्या कामाला खोट्या कागदाने सुरुवात करू नये.

पथकात डॉक्टर किंवा परिचारिका असतील, तर भारतातील नोंदणीवर तेथे रुग्ण तपासता येत नाही. डॉक्टरांना केनियाच्या वैद्यकीय परिषदेकडून आणि परिचारिकांना तेथील परिचारिका परिषदेकडून तात्पुरती नोंदणी घ्यावी लागते. त्यासाठी पदवीची प्रमाणपत्रे आणि आपल्या परिषदेचे चांगल्या वर्तणुकीचे पत्र लागते, म्हणून ही तयारी सर्वांत आधी सुरू करावी. भारतातून औषधांची खोकी नेण्याचा विचार तर सोडूनच द्यावा. औषधांची आयात तेथील औषध नियंत्रण मंडळाच्या परवानगीशिवाय होत नाही आणि नैरोबीच्या औषध दुकानांत भारतीय बनावटीची औषधेही मिळतात.

पीतज्वराची लस आणि इतर आरोग्य

पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) लशीबद्दल इतके गैरसमज आहेत की ते थोडे विस्ताराने सांगतो. केनिया हा पीतज्वराचा धोका असलेला देश आहे आणि भारत नाही. त्यामुळे मुंबईहून थेट नैरोबीला उतरताना लस घेतल्याचा दाखला बहुधा कोणी मागत नाही, आणि ज्याने लस घेतली नाही त्याला आपण सुटलो असे वाटते. खरी अडचण परतीच्या वेळी येते. केनियातून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात उतरणाऱ्या प्रवाशाकडे वैध दाखला नसेल, तर त्याला विमानतळावरूनच विलगीकरण केंद्रात नेले जाते आणि तेथे सहा दिवसांपर्यंत राहावे लागू शकते. विमान कंपनीही कधी कधी नैरोबीतच अडवते.

लस फक्त सरकारने अधिकृत केलेल्या केंद्रांवर मिळते. महाराष्ट्रात अशी केंद्रे मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांत आहेत आणि एका कुपीत अनेकांच्या मात्रा असल्याने केंद्रे ठरावीक वारीच लस देतात. तेव्हा आधी नोंदणी करूनच नगरहून निघावे आणि मूळ पासपोर्ट बरोबर न्यावा, कारण दाखल्याच्या पिवळ्या पुस्तिकेत पासपोर्ट क्रमांक लिहिला जातो. तो तेथेच उभे राहून ताडून पाहावा. दाखला लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून ग्राह्य होतो आणि २०१६ पासून तो आयुष्यभर चालतो. अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणाऱ्यांनी आणि साठी ओलांडलेल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही लस घेऊ नये. अशा सभासदाला पथकातून गाळावे लागले, तर ते निवडीच्या वेळीच झालेले बरे. आमच्या पहिल्या पथकातील एका ज्येष्ठ बंधूंना तिकीट काढल्यानंतर थांबावे लागले आणि तो दिवस आम्हा सर्वांना जड गेला.

मलेरियाचे गणित जागेनुसार बदलते. नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे १,७०० मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरापेक्षाही उंच आहे, आणि तेथे मलेरियाचा धोका कमी आहे. परंतु व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या किसुमू, सियाया, होमा बे या भागांत आणि समुद्रकिनाऱ्यावर तो बराच आहे. किबेरातल्या अनेक कुटुंबांची मूळ गावे सरोवराकडे आहेत, त्यामुळे 'आमच्या गावी एक दिवस चला' असे निमंत्रण येतेच. ते येणार असे धरूनच प्रतिबंधक गोळ्यांबद्दल डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि त्या गोळ्या परतल्यानंतरही सांगितलेल्या दिवसांपर्यंत घ्याव्यात. टायफॉइड, हिपॅटायटिस ए आणि धनुर्वात यांच्या लशींचाही त्याच भेटीत विचार करावा. विमा काढताना गंभीर आजारी रुग्णाला विमानाने हलवण्याचा खर्च त्यात धरला आहे का, ते पाहावे.

पैशाचा हिशेब

वर्गणी मागताना दोन खाती वेगळी ठेवा: पथकाच्या प्रवासाचा खर्च आणि तेथील कामासाठी दिलेले दान. दुसऱ्या खात्यातला एक रुपयाही पहिल्यात जाता कामा नये. प्रवासाचा निम्मा खर्च प्रत्येक सभासदाने स्वतः उभा करावा आणि उरलेला मंडळीने द्यावा, असे आम्ही ठरवले आहे. शेवटच्या दिवशी शहराच्या कडेलाच असलेले नैरोबी राष्ट्रीय उद्यान पाहायचे असेल, तर ते ज्याच्या त्याच्या खिशातून. साखर कारखान्यावर कामाला जाणाऱ्या एका विधवा भगिनीने दिलेल्या अर्पणाच्या पाकिटावर 'लेकरांच्या शाळेसाठी' असे लिहिले होते. ते पाकीट मी हिशेबाच्या वहीत चिकटवून ठेवले आहे.

मंडळीच्या ट्रस्टमधून परदेशात पैसे पाठवायचे असल्यास आधी सनदी लेखापालांना विचारा. नोंदणीकृत धर्मादाय ट्रस्टने भारताबाहेर केलेल्या खर्चाला प्राप्तिकराची सूट आपोआप मिळत नाही, त्यासाठी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची पूर्वपरवानगी लागते. विश्वस्तांनी चांगल्या हेतूने घाईत केलेला व्यवहार पुढे मंडळीच्या अंगावर येऊ शकतो.

रोख परकीय चलन एका प्रवासात प्रत्येकी ३,००० डॉलरपर्यंत नेता येते, पण इतके लागत नाही. केनियन शिलिंग भारतात सहज मिळत नाही, म्हणून थोडे डॉलर न्यावेत आणि तेही नव्या छपाईच्या, न फाटलेल्या नोटांचे, कारण जुन्या नोटा तेथे नाकारल्या जातात. उरलेल्यासाठी बँकेचे ट्रॅव्हल कार्ड. तेथील रोजचे व्यवहार २००७ मध्ये सुरू झालेल्या एम-पेसावर चालतात, भाजीवालीही मोबाईलवरच पैसे घेते. पासपोर्ट दाखवून सिम घेतले की परदेशी व्यक्तीलाही ती सोय मिळते आणि प्रत्येक व्यवहाराचा संदेश येत असल्याने खजिनदाराचे काम सोपे होते.

सामानात काय नसावे

जुने कपडे नेऊ नयेत. पहिल्या वेळी आम्ही दोन मोठ्या गोण्या भरून कपडे नेले होते. ते वाटताना रेटारेटी झाली, एका म्हाताऱ्या आजींना ढकलले गेले आणि कोणाला काय मिळाले नाही, याच्या तक्रारी तेथील पाळकांना आम्ही परतल्यावरही कितीतरी दिवस ऐकाव्या लागल्या. मग कळले की नैरोबीत जुन्या कपड्यांचा, तेथे ज्याला 'मितुम्बा' म्हणतात, प्रचंड मोठा बाजार आहे आणि गिकोम्बासारख्या बाजारांत तेच विकून हजारो कुटुंबे पोट भरतात. किबेरातल्याच बायका तेथून गठ्ठे आणून दारात विकत होत्या. आम्ही फुकट वाटलेले कपडे म्हणजे त्यांच्या त्या आठवड्याच्या धंद्यावर फिरलेले पाणी होते.

दुसऱ्या वेळी शाळेच्या गणवेशाची गरज यजमान मंडळीनेच कळवली. आम्ही कापड नेले नाही, शिंपीही नेला नाही. वस्तीतल्याच एका बाईंचे पत्र्याच्या खोलीत पायमशीनचे दुकान होते, त्यांना मंडळीने काम दिले. त्या मोजमाप घेताना मुलाला सरळ उभे करत, खांद्यावर टेप ठेवत आणि हातभर शिवण जास्त सोडून देत. 'वर्षभराने उसवून लांब करता येईल,' असे त्यांनी मला समजावले. माझी आई माझ्या चड्डीची शिवण अशीच दुमडून ठेवत असे.

बाकी सामान थोडक्यात. तेथील विजेच्या खोबणीत चौकोनी तीन पिनांचा प्लग बसतो, आपला बसत नाही. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर २०१७ पासून कडक बंदी आहे, तेव्हा सामान कापडी पिशव्यांत बांधावे. लष्करी नक्षीचे कपडे घालणे बेकायदा आहे. जून ते ऑगस्ट या काळात सकाळ-संध्याकाळ स्वेटर लागतो, आणि मार्च ते मे या मोठ्या पावसाच्या दिवसांत बोळांत घोट्यापर्यंत चिखल होतो. शक्यतो त्या दिवसांत जाऊ नये. बंद बूट मात्र कोणत्याही ऋतूत हवेत.

मुलांच्या बाबतीत नियम शिथिल करू नयेत

लेखातला हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अनाथाश्रमाची भेट पथकाच्या कार्यक्रमात ठेवू नका, यजमानांनी सुचवली तरी नम्रपणे कारण सांगून टाळा. अशा संस्थांत राहणाऱ्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील, निदान जवळचे नातेवाईक हयात असतात आणि पाहुण्यांच्या देणग्यांमुळे मुलांना घरापासून तोडून संस्थेत ठेवण्याला उत्तेजन मिळते, हे जगभर दिसून आले आहे. केनिया सरकारने २०१७ मध्ये नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली आणि २०२२ मध्ये मुलांना कुटुंबांत परत नेण्याचे दहा वर्षांचे धोरण जाहीर केले. जो देश आपली लेकरे घरी नेऊ पाहत आहे, तेथे जाऊन आपण उलट्या दिशेला हात लावू नये. त्याऐवजी कुटुंब एकत्र राहावे म्हणून स्थानिक मंडळी जे करते, म्हणजे शाळेची फी, भाडे थकलेल्या घराला आधार, आईला उद्योग, त्याला पाठबळ द्यावे. आठवडाभर उराशी धरलेले लेकरू निरोपाच्या दिवशी परत एकटे होते. त्या रडण्याला आपण प्रेमाची पावती समजतो, हे चूक आहे.

शाळेत किंवा रविवारच्या शाळेत काम असेल तर प्रत्येक सभासदाकडून पोलिसांचा चारित्र्य दाखला घ्या आणि लेखी नियमांवर सही घ्या. कोणीही मोठा माणूस एकट्याने एकट्या मुलाबरोबर बंद जागेत असणार नाही. मुलांना फोन नंबर किंवा समाजमाध्यमांवरील ओळख दिली जाणार नाही. भेटवस्तू मुलाच्या हातात न देता शिक्षकांमार्फत दिली जाईल. 'मी परत येईन', 'तुला भारतात शिकायला नेईन' असली वचने कोणी देणार नाही. नियम मोडला तर त्या सभासदाचे काम त्याच दिवशी थांबेल, मग तो विश्वस्तांचा मुलगा का असेना. काही अनुचित दिसले किंवा कोणा मुलाने सांगितले, तर ते पथकात दाबून न ठेवता यजमान मंडळीच्या बालसुरक्षा पाहणाऱ्या व्यक्तीला आणि गरज पडल्यास पोलिसांना त्याच दिवशी सांगावे.

पोहोचल्यावर: आपण तेथे कोण असतो

नैरोबीत आपली ओळख आपण ठरवत नाही. तेथे भारतीय माणसाला 'मुहिंदी' म्हणतात आणि त्या शब्दामागे शंभर वर्षांहून अधिक इतिहास आहे. १८९६ ते १९०१ या काळात मोम्बासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रेल्वे बांधण्यासाठी ब्रिटिशांनी हिंदुस्थानातून ३० हजारांहून अधिक मजूर नेले. पाठोपाठ व्यापारी गेले, आणि पुढच्या पिढ्यांत दुकाने व कारखाने भारतीयांचे व मजूर आफ्रिकन, असे चित्र पुष्कळ ठिकाणी उभे राहिले. २०१७ मध्ये आशियाई वंशाच्या केनियन नागरिकांना देशाची ४४ वी जमात म्हणून मान्यता मिळाली, तरी किबेरातल्या अनेकांनी मुहिंदी माणूस फक्त मालक म्हणूनच पाहिलेला असतो. असा माणूस त्यांच्या स्टुलावर बसून चहा पितो, तेव्हा ते क्षणभर गप्प होतात. ती शांतता सहन करावी, लगेच बोलून भरू नये.

भाषेचे दार मात्र आपल्याला लवकर उघडते. स्वाहिलीत दुकानाला 'दुका', गाडीला 'गारी', विम्याला 'बिमा' आणि लाखाला 'लाकी' म्हणतात, चपाती तर चपातीच. वडीलधाऱ्यांना 'शिकामो' म्हणून वंदन करावे, ते 'माराहाबा' म्हणून स्वीकारतात. 'आसांते साना' म्हणजे खूप आभार. 'पोले' हा शब्द सर्वांत कामाचा आहे: कोणी ठेचकाळले, कोणाचे घर गळाले, कोणाचा माणूस गेला, तरी 'पोले' म्हणतात. त्यात आपली चूक नसतानाही दुसऱ्याच्या दुःखात सामील होणे आहे. मंडळीत 'ब्वाना असिफिवे', म्हणजे प्रभूची स्तुती असो, असे कोणी म्हणाले की 'आमेन' म्हणावे.

घरभेटीला तिघांपेक्षा जास्त जाऊ नये, बरोबर मंडळीतील एक जण असावाच. एका भेटीत आमच्या तरुण सभासदाने पाण्याच्या भीतीने चहा नाकारला. यजमानीण काही बोलल्या नाहीत, पण त्यांनी तो कप झाकून बाजूला ठेवला आणि जाईपर्यंत त्या पुन्हा आमच्याकडे बघून हसल्या नाहीत. त्या घरात नळ नव्हता. २० लिटरच्या पिवळ्या डब्याने विकत आणलेल्या पाण्यातून तो चहा झाला होता. दूध, पाणी, साखर एकत्र उकळलेला तो चहा आपल्या चहासारखाच असतो आणि उकळल्यामुळे सुरक्षितही असतो. प्रभूने सत्तर जणांना पाठवताना पुढे वाढलेले खा असे सांगितले होते, ते अशा जागी नीट कळते. कच्ची कोशिंबीर, कापून ठेवलेली फळे आणि न उकळलेले पाणी तेवढे टाळावे. उगाली हाताने खातात, मक्याच्या पिठाचा तो घट्ट गोळा सुकुमा विकीच्या भाजीबरोबर छान लागतो आणि पिठले-भाकरीवर वाढलेल्या माणसाला परका वाटत नाही.

उपासना अडीच-तीन तासांची असते. पाहुण्यांना उभे करून दोन शब्द बोलायला सांगतात, तेव्हा नाव, गाव आणि आभार एवढेच बोलावे. उपदेश करायचा असल्यास तो पाळकांनी आधी सांगितलेला असावा. झांजा आणि खंजिरी मात्र जरूर न्याव्यात. सोप्या धृपदाचे एक मराठी भजन झांजेवर धरले की दुसऱ्या आवर्तनाला अख्खी मंडळी शब्द न कळताही साथ देते.

दवाखान्यात, अन्नवाटपात किंवा शिवणवर्गात मदत करताना प्रार्थनेची अट कोठेही नसावी. ज्याला प्रार्थना हवी त्याच्याबरोबर करावी, ज्याला नको त्यालाही औषध तेवढेच आणि तितक्याच आदराने मिळावे. किबेरात मुस्लिम नूबी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि यजमान मंडळीला त्यांच्याशी शेजारधर्म आपण गेल्यावरही पाळायचा असतो.

छायाचित्रांसाठी पथकात एकच माणूस नेमा, बाकीच्यांनी वस्तीत फोन खिशात ठेवावा. आधी ओळख, मग विचारणे, मग छायाचित्र, आणि मुलांच्या बाबतीत पालकांची संमती. केनियात २०१९ पासून वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आहे. नाव, चेहरा आणि ठिकाण एकत्र कधीही प्रसिद्ध करू नये, आजारी किंवा रडणाऱ्या माणसाचे छायाचित्र तर काढूच नये.

अंधार पडल्यावर वस्तीत किंवा रस्त्यावर पायी फिरू नये, मोटारसायकलवरून फोन हिसकावण्याचे प्रकार होतात. मूळ पासपोर्ट मुक्कामी कुलपात आणि प्रत जवळ ठेवावी. जून २०२४ मध्ये करवाढीच्या विधेयकावरून देशभर मोठी निदर्शने झाली आणि गोळीबारात माणसे मेली. अशा दिवशी मुक्काम सोडू नये, कार्यक्रम बुडाला तरी चालेल. नैरोबीतील भारतीय उच्चायुक्तालयाचा क्रमांक प्रत्येकाच्या फोनमध्ये आणि कागदावरही असावा. रोज संध्याकाळी अर्धा तास सर्वांनी एकत्र बसावे: आज काय पाहिले, कोणाला काय लागले, उद्या काय बदलायचे. दुसऱ्या प्रश्नाला वेळ द्यावा, काही जण तेथेच पहिल्यांदा रडतात.

परतल्यावर

पुढच्या काही महिन्यांत ताप आला, तर दवाखान्यात पहिल्या वाक्यातच 'मी केनियाला जाऊन आलो आहे' असे सांगावे, म्हणजे मलेरियाची तपासणी लगेच होईल. आफ्रिकेतला मलेरिया बहुधा फाल्सिपेरम जातीचा असतो आणि उशीर जिवावर बेतू शकतो.

महिन्याच्या आत खजिनदाराने दोन्ही खात्यांचा हिशेब पावत्यांसह मंडळीपुढे ठेवावा आणि त्याची प्रत नैरोबीलाही पाठवावी. तुमच्या नावाने आम्ही किती गोळा केले, हे त्यांना कळण्याचा हक्क आहे. त्याबरोबर आमच्याकडून काय चुकले, असे त्यांना लेखी विचारावे. पाहुण्याला तोंडावर बोलायला ते संकोचतात, म्हणून पथकप्रमुखाने नव्हे, तर येथील पाळकांनी तेथील पाळकांना हे विचारावे. जुन्या कपड्यांची गोष्ट आम्हाला अशाच एका पत्रातून कळली.

तिसऱ्या पथकाऐवजी या वर्षी आम्ही तेथील पाळक आणि शिवणवर्ग चालवणाऱ्या भगिनी यांना नगरला बोलावले आहे. आमच्या वस्तीत महिला बचत गटाचे काम कसे चालते ते त्यांना पाहायचे आहे, आणि व्यसनमुक्तीच्या ज्या कामात आम्ही अडलो आहोत ते त्यांच्याकडे नीट चालते. या वेळी निमंत्रणाचे पत्र आमच्या लेटरहेडवर गेले, भारताच्या व्हिसासाठी लागणारी कागदपत्रे आम्ही येथून पाठवली, आणि पीतज्वराचा दाखला त्यांनाही लागतो, हे पहिल्याच फोनवर सांगून ठेवले आहे.